ज्युनियर सोने-खाण कंपनीचा शेअर घेण्यापूर्वी: जानेवारी ते जून 2025 च्या नोंदी

12 जानेवारी 2025

हे काम हाती घेण्यामागे 2021 मधला एक तोटा आहे. मिसिसागा येथे मराठी मंडळाच्या एका कार्यक्रमात कोणीतरी आत्मविश्वासाने सांगितले म्हणून मी सोन्याचा शोध घेणाऱ्या एका छोट्या कंपनीचे 4,200 कॅनेडियन डॉलरचे शेअर घेतले होते. दोन वर्षांनी दहा शेअरचा एक शेअर झाला आणि शेवटी विकले तेव्हा हातात 410 डॉलर आले. ते शेअर करमुक्त बचत खात्यात, म्हणजे टीएफएसएमध्ये होते, त्यामुळे तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा करण्याची सोयही नव्हती. त्या कंपनीचा एकही अहवाल मी उघडून पाहिलेला नव्हता.

या वेळी पद्धत उलटी ठेवली आहे. सहा महिने आठवड्याला चार-पाच तास अभ्यास करायचा, तोपर्यंत एकही शेअर घ्यायचा नाही, आणि घेतलेच तर एकूण 6,000 डॉलरच्या वर जायचे नाही. निवडलेली कंपनी ओंटारिओतील अबिटिबी पट्ट्यात शोध घेणारी असून टोरंटोच्या व्हेंचर एक्स्चेंजवर नोंदलेली आहे. तिचे नाव येथे लिहिणार नाही, कारण या नोंदी कोणाला शेअर सुचवण्यासाठी नाहीत आणि कोणाला त्यापासून परावृत्त करण्यासाठीही नाहीत.

ज्युनियर म्हणजे काय, एवढे सुरुवातीलाच स्पष्ट करतो. अशा कंपनीची स्वतःची चालू खाण नसते आणि उत्पन्नही नसते. जमिनीत भोके पाडण्याचा खर्च ती नवे शेअर विकून भागवते. पुण्या-मुंबईच्या वाचकांना हा प्रकार फारसा परिचयाचा नसण्याचे कारण सरळ आहे. कोलारची खाण 28 फेब्रुवारी 2001 रोजी बंद झाली, हट्टीची खाण कर्नाटक सरकारच्या मालकीची आहे, आणि मुंबई शेअर बाजारात डेक्कन गोल्ड माइन्ससारखे एखाददुसरेच नाव आढळते. या धंद्याची खरी बाजारपेठ टोरंटो, व्हँकूव्हर आणि ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे आहे.

26 जानेवारी

दोन आठवडे आणि अकरा तास वाया गेले आहेत, हे आधी नोंदवतो.

मी एक्सेलमध्ये एक मोठा तक्ता तयार केला. सोन्याचा भाव 2,000 डॉलरपासून 3,500 डॉलरपर्यंत पन्नास-पन्नास डॉलरने वाढवत नेल्यास कंपनीची किंमत किती होईल, याच्या एकतीस ओळी त्यात होत्या आणि त्यावर रंगीत आलेखही होता. तक्ता पूर्ण झाल्यावर लक्षात आले की कंपनीच्या जाहिरात-सादरीकरणातून मी जे आकडे उचलले होते, त्यांपैकी एकाचाही उगम मला सांगता येत नव्हता. साठा किती, कोणत्या वर्गातला, कोणत्या भावाने मोजलेला आणि किती शेअरमध्ये वाटलेला, यातले काहीही मी तपासलेले नव्हते. एकट्या भावावरच पैज लावायची असेल तर सोने किंवा सोन्याचा ईटीएफ घेणे अधिक सोपे आणि अधिक सुरक्षित आहे. तक्ता पुसून टाकला. आलेख तेवढा चांगला जमला होता.

9 फेब्रुवारी

जिवंत कंपनीला हात घालण्यापूर्वी ज्यांचा निकाल लागून गेला आहे अशा प्रकरणांवर आपली तपासणी चालवून पाहावी, असे ठरवले. पहिले प्रकरण अर्थातच ब्रे-एक्सचे. इंडोनेशियातील पूर्व कालिमंतान प्रांतात बुसांग येथे फेब्रुवारी 1997 पर्यंत 7.1 कोटी औंस सोने असल्याचे ही कंपनी सांगत होती. 19 मार्च 1997 रोजी तिचा भूवैज्ञानिक मायकेल डी गुझमान हेलिकॉप्टरमधून पडून मरण पावला. त्यानंतर आठवडाभरात भागीदार फ्रीपोर्टने स्वतंत्र भोके पाडून तेथे नगण्य सोने असल्याचे जाहीर केले, आणि मे महिन्यात स्ट्रॅथकोना या सल्लागार संस्थेने नमुन्यांत बाहेरून सोने मिसळले गेल्याचे सांगितले.

माझ्या दृष्टीने या प्रकरणातला कामाचा तपशील निराळाच आहे. खडकाचा लांबट गाभा, ज्याला सगळे ‘कोअर’ म्हणतात, सर्वसाधारणपणे उभा चिरून अर्धा प्रयोगशाळेत पाठवतात आणि अर्धा पेटीत ठेवतात, जेणेकरून पुढे कोणालाही तो पुन्हा तपासता येईल. बुसांग येथे जवळजवळ सगळा गाभा दळून टाकला जात होता, त्यामुळे फेरतपासणीला काही उरतच नव्हते. म्हणून माझ्या यादीतला पहिला प्रश्न असा झाला: अर्धा कोअर शिल्लक आहे का, आणि कोऱ्या (सोने नसलेल्या) तसेच प्रमाणित (सोन्याचे प्रमाण आधीच ठाऊक असलेल्या) नमुन्यांच्या चाचण्यांचे निकाल अहवालात छापले आहेत का? ब्रे-एक्सनंतरच कॅनडात 2001 पासून खनिज साठ्यांची माहिती कशी जाहीर करायची याचा एनआय 43-101 हा नियम लागू झाला, आणि आज हे सगळे तांत्रिक अहवाल सेडार प्लस या शेअर-नियामकांच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचता येतात.

23 फेब्रुवारी

उघड फसवणूक क्वचितच होते. माणसे प्रामाणिक असूनही पैसे कसे बुडतात, हे पाहण्यासाठी ओंटारिओतल्याच रेड लेक परिसरातील दोन कंपन्या घेतल्या.

रुबिकॉन मिनरल्सने फीनिक्स प्रकल्पासाठी 2013 मध्ये सुमारे 33 लाख औंसांचा अंदाज दिला होता, त्यातले 22 लाख औंस ‘इन्फर्ड’ म्हणजे सर्वांत कमी खात्रीच्या वर्गातले होते. पूर्ण व्यवहार्यता अहवाल न करता प्राथमिक आर्थिक अंदाजावरच, म्हणजे पीईएवरच खाण बांधायला घेतली गेली. प्रत्यक्ष बोगद्यांत उतरल्यावर सोन्याच्या शिरा समजल्या होत्या तशा सलग निघाल्या नाहीत. नोव्हेंबर 2015 मध्ये काम थांबले आणि जानेवारी 2016 च्या नव्या अंदाजात दोन्ही वर्ग मिळून सुमारे 4 लाख 13 हजार औंस उरले. माझी यादी हे प्रकरण पकडू शकली असती, कारण पीईएवरून थेट बांधकाम हा मुद्दा तिच्यात होता. मनाला बरे वाटले.

ते समाधान त्याच संध्याकाळी गेले. प्युअर गोल्ड मायनिंगने जवळच्या जुन्या मॅडसन खाणीसाठी फेब्रुवारी 2019 मध्ये पूर्ण व्यवहार्यता अहवाल केला होता, त्यात सुमारे दहा लाख औंसांचा राखीव साठा टनामागे 9 ग्रॅम ग्रेडचा, म्हणजे टनभर खडकात 9 ग्रॅम सोने असलेला, दाखवला होता आणि सुरुवातीचा भांडवली खर्च 9.5 कोटी कॅनेडियन डॉलर होता. माझ्या यादीत ही कंपनी सहज उत्तीर्ण झाली. प्रत्यक्षात डिसेंबर 2020 मध्ये पहिले सोने ओतले गेले, अपेक्षित ग्रेड मिळेना, डोक्यावर स्प्रॉट या वित्तसंस्थेचे कर्ज होते, आणि ऑक्टोबर 2022 मध्ये कंपनीला न्यायालयाकडून देणेकऱ्यांपासून संरक्षण मागावे लागले.

आणि उलट दिशेचेही उदाहरण आहे. ब्रिटिश कोलंबियातील ब्रुसजॅक प्रकल्पाच्या चाचणीतून ऑक्टोबर 2013 मध्ये स्ट्रॅथकोनाच बाहेर पडली आणि प्रेटियम कंपनीचा भाव कोसळला. मीही त्या दिवशी विकून मोकळा झालो असतो. पुढे सुमारे दहा हजार टन खडकाच्या त्या चाचणीतून 4,000 औंसांच्या अपेक्षेऐवजी 5,800 हून अधिक औंस निघाले, 2017 मध्ये खाण सुरू झाली आणि 2022 मध्ये न्यूक्रेस्टने ती कंपनी विकत घेतली. सोने जेव्हा मोठ्या कणांच्या रूपाने विखुरलेले असते, तेव्हा कोणता नमुना कोठे घेतला यावर निष्णात मंडळींचेही एकमत होत नाही.

तीन प्रकरणांत माझी यादी एकदाच बरोबर ठरली. म्हणून यादीला गुण देऊन बेरीज करण्याची कल्पना सोडून दिली. खडकाबद्दल मला जे कधीच नीट कळणार नाही ते बाजूला ठेवून, कागदावरून खात्रीने मोजता येईल अशा गोष्टींवर जास्त वेळ द्यायचे ठरवले.

4 मार्च

पीडीएसी या वार्षिक खाण-परिषदेत रजा काढून दिवसभर हिंडलो. रेल्वे, तिकीट आणि जेवण मिळून 70 डॉलरच्या आसपास गेले. गुंतवणूकदारांसाठीच्या दालनात शेकडो कंपन्या टेबले मांडून बसतात. निवडलेल्या कंपनीच्या टेबलावर मी विचारले की नव्या भोकांची खरी जाडी किती आहे. समोरच्या हसतमुख तरुणाने मला एक पेन, एक पत्रक आणि अध्यक्षांचे भाषण किती वाजता आहे ते दिले. भाषणात ‘जवळजवळ दहा लाख औंस’ हे शब्द मी सात वेळा मोजले.

कोअर शॅक नावाच्या भागात मात्र वेळ सार्थकी लागला. तेथे वेगवेगळ्या प्रकल्पांचे खरे गाभे मांडलेले असतात आणि ते काढणारे भूवैज्ञानिक शेजारी उभे असतात. त्यांना पैसे उभारायचे नसल्यासारखे ते मोकळेपणाने बोलतात. एकाने मला क्वार्ट्झची शिर गाभ्याला तिरकी छेदते म्हणजे नेमके काय ते बोटाने दाखवले, आणि घरी जाऊन सगळी प्रसिद्धिपत्रके पुन्हा वाचावी लागणार हे तेथेच कळून चुकले.

16 मार्च

शुक्रवारी सोन्याने प्रथमच औंसाला 3,000 डॉलरचा टप्पा ओलांडला. कंपनीचा भाव 14 सेंटवरून 16 सेंटवर गेला. घरात विचारणा झाली की एवढा अभ्यास चालू आहे तर घेतले का नाहीत. नियम मोडला नाही, पण दोनदा ब्रोकरचे ॲप उघडून बंद केले, हेही लिहून ठेवतो.

या आठवड्याचे काम ड्रिलिंगच्या निकालांचे होते. कंपनीच्या सर्वांत गाजलेल्या पत्रकाचा मथळा ‘18 मीटरवर टनामागे 6.1 ग्रॅम’ असा आहे. खालच्या तक्त्यात बारीक अक्षरांत ‘यात समाविष्ट: 0.6 मीटरवर 152 ग्रॅम’ असे लिहिले आहे. गुणाकार करून पाहिला. 18 गुणिले 6.1 म्हणजे 109.8, त्यातले 0.6 गुणिले 152, म्हणजे 91.2, एकट्या अडीच वितीच्या शिरेत आहेत. उरलेल्या 17.4 मीटरच्या वाट्याला 18.6 येतात, म्हणजे टनामागे जेमतेम 1.07 ग्रॅम. मथळा खोटा नाही, पण अठरा मीटर रुंदीचा सहा ग्रॅमचा खडक तेथे नाही. ही आकडेमोड करायला चार मिनिटे लागतात आणि 2021 मध्ये मी ती केली नव्हती.

नागपूरचे माझे मामा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातून निवृत्त झाले आहेत. त्यांना फोनवर हा हिशेब मोठ्या अभिमानाने ऐकवला. ते म्हणाले, “बरोबर आहे, पण भोक कोणत्या कोनात पाडलं ते पाह्यलं का तू? शीर उभी अन् भोकही तसंच उभं असलं तर अठराचे दहाही नसतील.” तक्ता पुन्हा उघडला. ‘खरी जाडी अद्याप ज्ञात नाही’ हे वाक्य तळटीपेत होते. त्याच विभागातल्या जुन्या भोकांसाठी तांत्रिक अहवालात खरी जाडी लांबीच्या 55 ते 65 टक्के दिली आहे. म्हणजे मथळ्यातले अठरा मीटर फार तर अकरा-बारा.

मामांनी आणखी एक गोष्ट विचारायला लावली: सोने खडकातून सुटते का? आर्सेनोपायराइटमध्ये अडकलेले सोने साध्या सायनाइड प्रक्रियेने नीट निघत नाही आणि मग भाजणे किंवा दाबाखाली ऑक्सिडीकरण यांसारख्या महागड्या पायऱ्या लागतात. आमच्या कंपनीच्या अहवालात 93 टक्के सोने निघाल्याची चाचणी आहे, परंतु तिचे नमुने एकाच विभागातले होते. इन्फर्ड साठ्याचा मोठा भाग असलेल्या दुसऱ्या विभागाची चाचणी झालेलीच नाही.

30 मार्च

सगळ्या प्रकल्पातला सर्वांत उपयोगी दिवस हा, आणि यासाठी भूविज्ञानाचा एक शब्दही लागला नाही.

कंपनीच्या सादरीकरणात 21.4 कोटी शेअर लिहिलेले आहेत. आर्थिक पत्रकांच्या टिपांमध्ये शिवाय 5.8 कोटी वॉरंट (ठरलेल्या भावाने नवा शेअर घेण्याचा गुंतवणूकदारांना दिलेला हक्क) आणि 1.6 कोटी ऑप्शन (तसाच हक्क, पण संचालकांना आणि कर्मचाऱ्यांना दिलेला) सापडले. सगळे मिळून 28.8 कोटी. साठ्याचेही तसेच. ‘जवळजवळ दहा लाख औंस’ म्हणजे 3.1 लाख औंस इंडिकेटेड, म्हणजे इन्फर्डहून अधिक खात्रीच्या वर्गातले, आणि 6.4 लाख औंस इन्फर्ड. नियमाप्रमाणे इन्फर्ड साठा वरच्या वर्गांत मिळवून एकच बेरीज छापता येत नाही. भाषणात मात्र ती बेरीज ऐकू येते.

मग मी हजार शेअरमागे किती औंस पडतात ते काढले. कंपनीच्या सोयीचे आकडे घेतले तर 4.4 औंस. फक्त इंडिकेटेड साठा आणि सगळे संभाव्य शेअर घेतले तर 1.1 औंस. एकाच दिवशीच्या एकाच कंपनीची ही दोन चित्रे आहेत.

येथे माझी एक चूक झाली होती, ती दुरुस्त करतो. पहिल्या तक्त्यात सगळे वॉरंट फुकट वाटल्यासारखे धरले होते. वॉरंटधारकाला शेअर घेताना पैसे भरावे लागतात. आपल्या कंपनीचे वॉरंट सरासरी 20 सेंटचे आहेत, त्यामुळे ते सगळे वापरले गेल्यास कंपनीला 1.16 कोटी डॉलर मिळतील. म्हणजे ते निव्वळ नुकसान नाही. मात्र भाव 20 सेंटच्या जवळ आला की वॉरंटधारक हातातले शेअर विकून त्याच पैशांत वॉरंट वापरतात आणि भाव तेथेच अडखळतो, हे गेल्या तीन वर्षांच्या आलेखावर तीनदा दिसते.

त्यानंतर सेडार प्लसवरचे जुने दस्तऐवज उघडून हाच हिशेब 2019 साठी केला. तेव्हा 6.2 कोटी शेअर होते आणि दोन्ही वर्ग मिळून 5.2 लाख औंस. हजार शेअरमागे 8.4 औंस. साडेपाच वर्षांत कंपनीने साठा 83 टक्क्यांनी वाढवला, हे खरोखर चांगले काम आहे, आणि त्यासाठी शेअरची संख्या साडेतीन पट झाली. 2019 पासून शेअर धरून बसलेल्या माणसाच्या हजार शेअरमागचे सोने जवळजवळ निम्मे झाले आहे. दरवर्षीच्या पत्रकात ‘साठ्यात वाढ’ वाचून त्याला आनंदही झाला असेल.

एकूण वेळ: साडेसहा तास, त्यातले दोन तास टिपांमधला एक आकडा दोनदा मोजला गेल्यामुळे.

13 एप्रिल

पीईए वाचला, 240 पाने, तीन संध्याकाळी. करोत्तर निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे खर्च आणि कर वजा करून खाणीच्या पुढच्या सगळ्या कमाईची आजची किंमत, 24 कोटी कॅनेडियन डॉलर, ती काढण्यासाठी धरलेला सूट दर 5 टक्के, सुरुवातीचा भांडवली खर्च 21 कोटी. कंपनीचे बाजारमूल्य 3 कोटींच्या आसपास आहे. सादरीकरणात 24 कोटींना 21.4 कोटी शेअरनी भागून ‘मूल्य 1.12 डॉलर, भाव 14 सेंट’ असे मोठ्या अक्षरांत छापले आहे.

तीन कोटींची कंपनी 21 कोटी आणणार कोठून, हा प्रश्न त्या पानावर नाही. समजा, 60 टक्के कर्ज मिळाले आणि 40 टक्के, म्हणजे 8.4 कोटी, शेअर विकून उभे करायचे आहेत. 14 सेंटने त्यासाठी 60 कोटी नवे शेअर लागतात. आधीचे 28.8 कोटी धरून ते जवळपास 89 कोटी होतात. मी घाईने 24 कोटींना 89 कोटींनी भागले आणि 27 सेंट लिहून मोकळा झालो. हिशेबनीस असलेल्या शेजाऱ्याने चूक दाखवली: निव्वळ मूल्यातून बांधकामाचा खर्च आधीच वजा आहे, मग शेअर विकून आलेले 8.4 कोटी त्यात मिळवायला हवेत. दुरुस्तीनंतर आकडा 36 सेंट येतो. तो 1.12 डॉलरच्या एक तृतीयांशाहूनही कमी आहे, आणि त्यात खाण वेळेवर, ठरलेल्या खर्चात बांधली जाईल आणि सांगितलेली ग्रेड मिळेल हे गृहीत आहे. प्युअर गोल्डची आठवण झाली.

कंपनीच्या बाजूनेही एक मुद्दा आहे आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पीईए 1,750 डॉलरच्या भावावर बेतलेला आहे. आज भाव तीन हजारांच्या पुढे आहे. परंतु डिझेल, मजुरी आणि पोलादाचे दरही तेव्हाचेच आहेत, आणि नफ्याची बाजू आजच्या भावाने आणि खर्चाची बाजू जुन्या दराने मोजणे हा तक्ता मी जानेवारीत एकदा पुसला आहे.

20 एप्रिल

आज तासाभराचे काम. ओंटारिओ सरकारच्या ऑनलाइन नकाशावर कंपनीचे सगळे दावे, म्हणजे जमिनीत खनिज शोधण्याचे हक्क, तिच्याच नावावर आणि मुदतीत असल्याचे पाहिले. रॉयल्टी मात्र दोन निघाल्या, 2 टक्के आणि 1 टक्का, दोन्ही खर्च वजा होण्यापूर्वीच्या विक्रीवर. औंसाला 3,000 डॉलर धरले तर दर औंसामागे 90 डॉलर आधीच दुसऱ्याचे आहेत. पीईएमध्ये पहिल्या रॉयल्टीचा अर्धा भाग कंपनी 10 लाख डॉलर देऊन परत विकत घेईल असे धरले आहे; ते 10 लाख कोणत्याही अंदाजपत्रकात नाहीत.

4 मे

डिसेंबरअखेरची लेखापरीक्षित पत्रके 30 एप्रिलला, म्हणजे 120 दिवसांच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी दाखल झाली. ‘कंपनी चालू राहण्याविषयी लक्षणीय अनिश्चितता आहे’ हे वाक्य वाचून मी एक संध्याकाळ हवालदिल होतो. नंतर इतर सहा ज्युनियर कंपन्यांची पत्रके उघडली आणि सहाही ठिकाणी तेच वाक्य सापडले. उत्पन्न नसलेल्या कंपनीत ते असणारच.

खरे बघायचे ते असे. वर्षभरात 41 लाख डॉलर खर्च झाले, त्यातले 17 लाख ड्रिलिंग आणि भूवैज्ञानिक कामावर. बाकी 24 लाख पगार, कार्यालय, प्रवास आणि प्रसिद्धीवर. शंभर डॉलरमधले एकेचाळीस जमिनीत गेले. रोख शिल्लक 26 लाख दिसते, पण तिच्यातले 15 लाख फ्लो-थ्रू शेअरमधून आलेले आहेत. या प्रकारात करसवलत गुंतवणूकदाराकडे जाते आणि ते पैसे ठरलेल्या मुदतीत शोधकामावरच खर्च करावे लागतात. त्यातून पगार देता येत नाही. मोकळी रक्कम 11 लाख आणि महिन्याचा वरखर्च 2 लाख, म्हणजे डिसेंबरअखेरपासून साडेपाच महिने. वहीत लिहिले: जूनच्या मध्यापूर्वी नवे शेअर निघतील, आणि आजच्या भावाच्या खाली निघतील.

संचालकांचे व्यवहार सेडी या नोंदवहीत पाहिले. पहिल्या वाचनात अध्यक्षांनी 9 लाख शेअर ‘घेतले’ असे वाटून मी त्यांना मनोमन शाबासकी दिली. व्यवहाराचा संकेतांक पाहिल्यावर ते कंपनीने दिलेले ऑप्शन निघाले. तीन वर्षांत कोणाही संचालकाने बाजारातून स्वतःच्या पैशाने एकही शेअर घेतलेला नाही.

25 मे

गुरुवारी पत्रक आले. 12 सेंटने 2.5 कोटी युनिट, प्रत्येक युनिटमध्ये एक शेअर आणि अर्धे वॉरंट. 30 लाख डॉलर. एप्रिलमध्ये सोने 3,500 डॉलरला टेकले तेव्हा कंपनीचा भाव 19 सेंट झाला होता, पत्रकाच्या आदल्या दिवशी 15 होता आणि शुक्रवारी 12 वर बंद झाला. वहीतला अंदाज तीन आठवड्यांच्या फरकाने बरोबर आला. ही विक्री पूर्ण होताच शेअर 23.9 कोटी होतील आणि हजार शेअरमागचे औंस 4.4 वरून 4.0 वर येतील.

15 जून

शुक्रवारी प्लेसमेंट, म्हणजे त्या नव्या युनिटची विक्री, पूर्ण झाली. त्या शेअरवरची चार महिन्यांची विक्रीबंदी 14 ऑक्टोबरला उठेल, तेव्हा 12 सेंटला घेतलेले अडीच कोटी शेअर विक्रीला मोकळे होतील. ही कंपनी घेणार नाही. जमिनीत सोने आहे यावर माझा विश्वास आहे आणि तेथले भूवैज्ञानिक चांगले काम करत आहेत असेही वाटते. परंतु दहा वर्षे थांबणाऱ्या भागधारकाचा हिस्सा ज्या वेगाने पातळ होत आहे, तो वेग कमी होईल असे एकही कारण मला कागदांत सापडले नाही.

हिशेब: 121 तास, 168 डॉलर (परिषद, छपाई आणि एका पुस्तकासह), शेअर शून्य.

त्यातले नव्वदएक तास क्रम चुकल्यामुळे गेले. आता क्रम उलटा केला आहे. प्रथम पाच वर्षांपूर्वीची आणि आजची शेअरसंख्या आणि साठा, मग मोकळी रोख आणि महिन्याचा वरखर्च, मग संचालकांची स्वतःच्या पैशाची खरेदी. हे तीन पार पडले तरच तांत्रिक अहवाल उघडायचा. काल या क्रमाने तीन नव्या कंपन्या तपासायला घेतल्या. पहिली पस्तीस मिनिटांत बाद झाली, दुसरी पन्नास मिनिटांत. तिसरी क्वेबेकमधली आहे. पाच वर्षांत तिच्या हजार शेअरमागचे औंस 5.2 वरून 6.0 झाले आहेत आणि अध्यक्षांनी गेल्या वर्षी दोनदा बाजारातून खरेदी केली आहे. तिचा 310 पानांचा अहवाल उतरवून घेतला आहे, आणि नमुने कोठून घेतले ते पान आधी काढून मामांना पाठवले आहे. तिची जूनअखेरची पत्रके 29 ऑगस्टपर्यंत येतील. त्यापूर्वी काही घ्यायचे नाही. घेतलेच तर या वेळी टीएफएसएच्या बाहेरच्या खात्यात.